बोलीआधी इसार

मंडळी, जुना मोबाईल विकायचा असला की हल्ली कुणी शेजारीपाजारी विचारत बसत नाही. फोटो काढायचा, ओएलएक्सवर नाहीतर फेसबुक मार्केटप्लेसवर टाकायचा आणि "काय द्याल?" म्हणून वाट बघायची. आमच्या मुळशीत व्हॉट्सॲपच्या गटांवरही हा छोटासा लिलाव चालतो. एक म्हणतो सहा हजार, दुसरा साडेसहा, तिसरा एकदम आठ! विकणारा खूश. साडेसहावाल्याला नाही म्हणून सांगतो. आणि मग आठवाला जो गायब होतो, तो होतोच. फोन लावला तर उचलत नाही. तोवर साडेसहावाल्याने दुसरीकडून फोन घेतलेला असतो.

वरवर बघता ही गंमत वाटेल. पण पिरंगुटला कारखान्यात काम करणारा मुलगा जुना फोन विकून त्या पैशात धाकट्या बहिणीची फी भरणार असतो, तेव्हा ती गंमत राहत नाही. फीची तारीख काही त्या आठ हजारवाल्यासाठी थांबत नाही.

माझं मत असं, की दोष बोली लावण्यात नाही. दोष फुकटच्या बोलीत आहे. ज्या बोलीमागे एक रुपयाही नाही ती बोली नव्हे, त्या नुसत्या गप्पा.

आपल्या जुन्या बाजारांना हे पक्कं ठाऊक होतं. चाकणच्या जनावरांच्या बाजारात व्यापारी उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करत. इतरांना आकडा कळायचा नाही, पण सौदा ठरला की इसार हातावर पडायचा. इसार दिला की माणूस बांधला गेला. जमिनीच्या व्यवहारात तर इसारपावती आजही आहे. सरकारी लिलावात आधी अनामत रक्कम भरावी लागते, मग तोंड उघडायचं. मार्केट यार्डात बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याकडे बाजार समितीचा परवाना लागतो. म्हणजे बघा, प्रत्येक ठिकाणी बोली लावणाऱ्याचं काहीतरी अडकलेलं असतं. पैसा, परवाना, निदान गावातली पत तरी.

कायद्यातही लिलावाचा विचार आहे. १९३० सालच्या माल विक्री कायद्याचं ६४ वं कलम त्यासाठीच आहे. लिलाव करणाऱ्याने हातोडा आपटून सौदा पुकारला की विक्री पूर्ण होते आणि त्याआधी बोली मागे घेता येते, असं ते सांगतं. पण आठ हजाराच्या फोनसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? म्हणून बंदोबस्त आधीच करायचा.

इंटरनेटवरच्या लिलावाचा आपला अनुभवही काही कमी नाही. मुंबईत २००० साली बाझी डॉट कॉम सुरू झालं. २००४ साली अमेरिकेच्या ईबे कंपनीने ते विकत घेतलं आणि ते ईबे इंडिया झालं. त्यात 'पैसापे' नावाची एक चांगली सोय होती. घेणाऱ्याने पैसे आधी मधल्या खात्यात भरायचे, ते भरल्याचं कळलं की मगच विकणाऱ्याने माल रवाना करायचा. म्हणजे जुना इसारच, नव्या अंगरख्यात. ईबे इंडिया १४ ऑगस्ट २०१८ रोजी बंद झालं. त्यानंतर आपल्याकडे जुन्या वस्तूंची देवघेव बहुतेक करून नुसत्या जाहिरातींवर चालू लागली. तिथे ओळख करून देणारं संकेतस्थळ असतं, पण पैशाची मध्यस्थी कुणी करेलच असं नाही. ती जबाबदारी आली विकणाऱ्याच्या अंगावर.

परदेशातली आपली मुलं-नातवंडं अजूनही ईबेवर फोन विकतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. २००८ सालापासून तिथे विकणाऱ्याला घेणाऱ्याबद्दल वाईट शेरा देता येत नाही. घेणारा मात्र विकणाऱ्याला देऊ शकतो. म्हणजे प्रगतिपुस्तक एकाच बाजूचं! तेव्हा शेरे वाचून घेणारा ओळखता येईल या भ्रमात राहू नका. पूर्वी पैसे बुडवलेल्यांना बोलीच लावता येऊ नये अशी सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू करा. चार दिवसांत पैसे आले नाहीत तर सौदा रद्द करता येतो, तो करा आणि खालच्या बोलीवाल्याला विचारा. आणि शक्य असेल तर लिलाव टाळून ठरलेल्या किमतीला, लगेच पैसे भरण्याच्या अटीवर विका. ऑर्डरवरचा पत्ता सोडून "माझ्या भावाच्या पत्त्यावर पाठवा" असं कुणी म्हणालं, तर पाठवू नका.

आता इकडचं. गायब होणारा परवडला, पण एक घेणारा असा असतो की तो उलट तुमचेच पैसे नेतो. तो भाव करत नाही, वस्तू बघत नाही, घासाघीस तर मुळीच नाही. सांगतो, "मी लष्करात आहे, बदली झाली आहे, माणूस पाठवून फोन नेतो, पैसे आत्ताच पाठवतो." आपल्या बाजूला खडकवासल्याला एनडीए आहे. लष्कर म्हटलं की इथला माणूस लगेच विश्वास टाकतो, आणि नेमक्या त्या आदराचाच हा वापर. मग तो एक क्यूआर कोड धाडतो. "स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." पिन टाकला की जमा होत नाहीत, जातात! २०२१ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या मुलीला जुना सोफा विकताना याच पद्धतीने ३४ हजारांना फसवलं गेलं होतं. तेव्हा "शिकलेल्यांना असं होत नाही" हे म्हणायची सोय नाही.

यूपीआयचा नियम पाढ्यासारखा पाठ करावा असा आहे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो फक्त द्यायला आणि शिल्लक बघायला. कोड स्कॅन करायचा तो देणाऱ्याने, घेणाऱ्याने फक्त दाखवायचा. पैसे मागण्याची 'कलेक्ट' विनंती दोन व्यक्तींमध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, पण क्यूआर कोडचा सापळा अजून आहेच.

मग करायचं काय? माझी पद्धत साधी आहे. बोली कितीची का असेना, आधी पाचशे रुपये इसार. इसार देईल त्याच्यासाठी फोन दोन दिवस राखून ठेवायचा, न देईल त्याच्यासाठी एक तासही नाही. इसार आला की नाही ते आलेल्या मेसेजवर किंवा स्क्रीनशॉटवर ठरवायचं नाही, बँकेच्या ॲपमध्ये स्वतः शिल्लक बघायची. "चुकून जास्त गेले, परत पाठवा" असं कुणी म्हणालं तर आधी पुन्हा एकदा शिल्लक. उरलेला व्यवहार समोरासमोर, दिवसाउजेडी. पौड, पिरंगुट कुठेही असो, बँकेच्या शाखेत भेटणं सर्वांत चांगलं. तिथे कॅमेरा असतो, नोट खरी की खोटी तेही कळतं.

आपल्या बाजूने आपणही चोख असावं. फोनच्या खोक्यावरचा आयएमईआय क्रमांक *#०६# दाबून येणाऱ्या क्रमांकाशी जुळवून दाखवावा, बिलाची प्रत द्यावी. फोनमधलं आपलं गुगल खातं आधी काढावं आणि मग फोन कोरा करावा, नाहीतर घेणाऱ्याला तो उघडताच येत नाही. दोघांच्या सह्यांची एक साधी पावती करून तिच्यावर तोच क्रमांक आणि तारीख लिहावी. पुढे तो फोन कुठल्या भानगडीत सापडला तर ही पावतीच कामाला येते. आणि इतकं करूनही फसवणूक झालीच, तर लाजून बसू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावं. योगायोगाने हे त्या कायद्याचंच साल आहे, लक्षात ठेवायला सोपं. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

यावर आमच्या घरातच एक आक्षेप निघतो. "असं प्रत्येकाकडे संशयाने बघायचं का? पाचशे रुपये मागितले तर भला माणूस दुखावेल." मला हे पटत नाही. वर्गात हजेरी घेताना कुणी म्हणत नाही की मास्तरांचा आमच्यावर विश्वास नाही. कारण हजेरी सगळ्यांची होते. निवडून एकालाच विचारलं तर तो संशय. सगळ्यांना सारखंच विचारलं तर ती रीत. उलट चेहरा, आडनाव, बोलण्याची ढब बघून "हा भला, तो लबाड" असं ठरवण्यातच जास्त अन्याय होतो. मोकळ्या मनाने घ्यायला आलेला एखादा गरीब मुलगा त्यात नाकारला जातो आणि गोड बोलणारा ठग आत येतो. शिवाय खऱ्या गिऱ्हाइकालाही इसारामुळे खात्री मिळते, की आपण हिंजवडीहून रजा काढून पोचेपर्यंत फोन दुसऱ्याला जाणार नाही.

यात एक तोटा आहे, तो मान्य. इसार मागितला की बोली लावणारे कमी होतात. आठ हजारवाला पळून जातो, साडेसहावाला उरतो. पण तो आठ हजारवाला तसाही येणार नव्हता! खरा भाव साडेसहाच होता, तो आपल्याला दोन दिवस आधी कळला इतकंच.

असो. तुमच्याकडे याहून चांगली रीत असेल तर जरूर कळवा.