हट्टी फाइली

परवा शुक्रवारी संध्याकाळी हापिसातून निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात टीममधला नवा पोरगा आला. "सर, एक फोल्डर डिलीटच होत नाहीये. फोर्स डिलीटचं एखादं टूल आहे का तुमच्याकडे?"

आहे. एक नाही, चार आहेत. पण दिलं एकही नाही. म्हटलं, "ते कोण वापरतंय ते बघितलंस का?" त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण एसटीत कंडक्टरला सुट्टे पैसे मागणाऱ्या आजोबांकडे बघतो. त्याची चूक नाही म्हणा. त्याच्या वयाचा असताना मीही असाच होतो, आणि त्याची किंमत मी नाही, दुसऱ्याच कोणीतरी मोजली. ती गोष्ट आज सांगून टाकतो. शनिवार आहे, चहा झालाय, बाहेर पाऊस आहे.

गोष्ट २००८ च्या जूनमधली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं (वेगळा जिल्हा झाला २०१४ च्या १ ऑगस्टला). पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सूर्या नदीकाठी मासवण नावाचं गाव लागतं. तिथे माझ्या मामाचं बियाणं-खताचं दुकान. दुकानात एक असेंबल केलेला पीसी, विंडोज एक्सपी, ४० जीबीची हार्ड डिस्क, लोडशेडिंग सुरू झालं की केकाटणारा यूपीएस, आणि हिशेबाचं एक सॉफ्टवेअर. मामी त्यात बिलं टाकायची. रोखीची बिलं छापून कॉपी फाइलला लागायची; उधारीची नोंद थेट काँप्युटरात आणि एक चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात. भाताची पेरणी जूनमध्ये, पैसे दिवाळीच्या आसपास भात विकल्यावर. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं.

मामेबहिणीचं लग्न मे महिन्यात झालं होतं. फोटोवाल्याने दोन डीव्हीडी भरून फोटो आणि व्हिडिओ दिले. ते पीसीवर टाकायचे, तर डिस्कवर जागाच नाही. मग काय, शहरातून आलेला सॉफ्टवेअर इंजिनीअर भाचा आहेच. खुर्ची ओढली आणि बसलो.

डी ड्राइव्हवर 'जुने_२' नावाचं एक फोल्डर सापडलं. आठेक जीबीचं. आत तारखा घातलेल्या शेकडो झिप फाइली. नाव जुने, तारखा जुन्या. शिफ्ट दाबून डिलीट मारलं. सगळं गेलं, एक फाइल सोडून. ती काही हटेना. एक्सपीचा तो सुप्रसिद्ध निरोप आला: फाइल डिलीट करता येत नाही, दुसरी व्यक्ती किंवा दुसरा प्रोग्रॅम ती वापरतो आहे.

आता त्या काळाची थोडी कल्पना द्यायला हवी. ते पेन ड्राइव्हवरच्या व्हायरसांचे दिवस. 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' आठवतोय? फोल्डरचा आयकॉन घेऊन बसलेला प्रोग्रॅम. उघडलात की टास्क मॅनेजर बंद, फोल्डर ऑप्शन्स गायब. डिलीट केलात तर दोन मिनिटांनी परत हजर, कारण मेमरीत दुसरा एक प्रोसेस त्याची राखण करत बसलेला असायचा. प्रत्येक सायबर कॅफेत, झेरॉक्सच्या दुकानात, कॉलेजच्या लॅबमध्ये हेच. पेन ड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्रॅम सुरू करायची जी सोय होती ती मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये, म्हणजे २००९ साली, काढली आणि एक्सपी-व्हिस्टासाठी अपडेटमधून थेट २०११ साली बंद केली. (पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलाश काटकर आणि त्यांचे भाऊ संजय ह्यांची क्विक हील ही कंपनी घराघरांत पोचली ती ह्याच वर्षांत. तिचा डबा दिसला नाही असं काँप्युटरचं दुकान तेव्हा क्वचितच असेल.) सांगायचा मुद्दा, आमच्या पिढीच्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलं होतं: जी फाइल डिलीट होत नाही, ती व्हायरसची.

माझ्या पेन ड्राइव्हवर एक छोटं फुकटचं टूल होतंच. त्यात ती फाइल दाखवली. ती कुठल्या प्रोसेसने धरलीय त्याचं नाव आलं. आठ अक्षरांचं, काहीतरी अगम्य. म्हटलं, सापडला चोर! हँडल बंद केलं, फाइल उडवली, आणि लगेच दोन्ही डीव्हीडी कॉपी करायला लावल्या. मामाला म्हटलंसुद्धा, "मामा, व्हायरस होता. काढला." मामाने कौतुकाने चहा मागवला.

दुपारी मामी बिल टाकायला बसली आणि सॉफ्टवेअर म्हणालं, डेटा सापडत नाही.

पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. ते अगम्य नाव हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्याच एका भागाचं होतं. ज्याने कोणी ते बसवून दिलं, त्याने आधीची डिस्क भरल्यावर डेटाचा पत्ता बदलून 'जुने_२' असा ठेवला होता. रोजचा बॅकअपही तिथेच. म्हणजे मी आधी निमूटपणे गेलेले तीन वर्षांचे बॅकअप उडवले, आणि मग जी एकटी फाइल जीव तोडून नाही म्हणत होती, तिचाही गळा दाबला.

फाइल डिलीट केली की डेटा लगेच पुसला जात नाही, फक्त 'ही जागा मोकळी' अशी नोंद होते, हे मला ठाऊक होतं. म्हणून रिकव्हरीची आशा होती. पण डिस्क आधीच काठोकाठ भरलेली. म्हणजे मोकळी झालेली जागा जवळपास तेवढीच, आणि त्याच जागेवर मी लग्नाचे आठ जीबी आणून ओतले होते. अर्धी रिकामी डिस्क असती तर कदाचित बरंच काही वाचलं असतं. रात्री एक वाजेपर्यंत रिकव्हरी चालवली. मिळाल्या त्या अर्ध्यामुर्ध्या झिप, एकही उघडेना. सीएसाठी ३१ मार्चला काढलेली एक सीडी सापडली. एप्रिल ते जून गेले. आणि जूनची उधारी म्हणजे वर्षाची उधारी.

मामा ओरडला नाही. त्याने एकच विचारलं. "ते काँप्युटर काय म्हणाला होता नक्की?" मी मराठीत सांगितलं. "मग तो सांगत होता की कोणीतरी वापरतंय. तू विचारलंस का, कोण?"

नव्हतं विचारलं. म्हणजे नाव वाचलं होतं, पण ते विचारणं नव्हे.

माझं मत तेव्हापासून झालंय ते असं: न हटणारी फाइल हा दहातल्या नऊ वेळा बिघाड नसतोच. विंडोजमध्ये एखादा प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हा तो सिस्टिमला सांगतो की माझं काम चालू असताना इतरांना काय करू द्यायचं: वाचू द्यायचं का, लिहू द्यायचं का, डिलीट करू द्यायचं का. डिलीटची परवानगी दिली नसेल तर सिस्टिम तुम्हाला थांबवते. एरर नंबर ३२, शेअरिंग व्हायोलेशन. तुमच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड असला तरी. ह्यात हट्ट कसला? सिस्टिम शब्द पाळतेय.

लिनक्सवाले मित्र इथे हसतात. त्यांच्याकडे असं होत नाही. तिथे डिलीट म्हणजे फक्त नाव काढून टाकणं. फाइल उघडून बसलेला प्रोग्रॅम त्या बिननावाच्या फाइलमध्ये सुखाने लिहीत राहतो, आणि शेवटचा प्रोग्रॅम ती बंद करतो तेव्हाच जागा मोकळी होते. (सर्व्हरवर २० जीबीचा लॉग उडवला तरी 'डीएफ' डिस्क भरलेलीच दाखवतो आणि 'डीयू'ला काहीच सापडत नाही, ह्या कोड्यात रात्र घालवलेले हात वर करा. 'एलएसओएफ' चालवलं की भूत दिसतं.) इंजिनीअर म्हणून मला ही रचना जास्त देखणी वाटते, खोटं कशाला बोलू. सॉफ्टवेअर चालू असताना अपडेट करणं तिथे सोपं पडतं ते ह्यामुळेच. शिवाय प्रोसेस जिवंत असेपर्यंत अशी फाइल 'प्रॉक'मधून परतही काढता येते. पण मामाच्या दुकानात लिनक्स असतं तर काय झालं असतं? फाइल हूं की चूं न करता गेली असती, मामी दुपारभर त्या बिननावाच्या फाइलमध्ये बिलं टाकत बसली असती, आणि लोडशेडिंग होऊन यूपीएसने मान टाकली की सगळं संपलं. दुकानाच्या काउंटरवरच्या मशीनसाठी मला नकार देणारी सिस्टिम जास्त बरी वाटते. ह्यावर भांडायला तयार आहे.

मायक्रोसॉफ्टला मात्र एका गोष्टीची माफी नाही. एक्सपीचा तो निरोप 'दुसरी व्यक्ती किंवा प्रोग्रॅम' म्हणायचा, आणि कोण ते सांगायचा नाही. अहो, तुम्हाला माहीत आहे ना? मग सांगा की! पुढच्या विंडोजमध्ये बऱ्याचदा प्रोग्रॅमचं नाव यायला लागलं, तेही दर वेळी नाहीच. हे न सांगितल्यामुळेच फोर्स डिलीटच्या टूल्सचा धंदा फोफावला. नाव सांगितलं असतं, तेही माणसाला कळेल असं, तर माझ्यासारखे कितीतरी दीडशहाणे वाचले असते.

शोधायचं कसं, तर अवघड काही नाही. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल ह्या दोघांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या, आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेल्या सिसइंटर्नल्सचं 'प्रोसेस एक्सप्लोरर' उतरवा, कंट्रोल एफ दाबा, फाइलचं नाव टाका. कुठल्या प्रोसेसने ती धरलीय ते कळेल, आणि महत्त्वाचं म्हणजे तो प्रोसेस डिस्कवरच्या कुठल्या जागेवरून चाललाय तेही. ती जागा मी तेव्हा बघितली असती तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं फोल्डर दिसलं असतं. काही उतरवायचं नसेल तर विंडोज ७ पासून रिसोर्स मॉनिटरमध्येही हा शोध आहे, आणि २०२२ पासून पॉवरटॉइजमध्ये 'फाइल लॉकस्मिथ' म्हणून राइट क्लिकची सोय आहे. सापडला की तो प्रोग्रॅम नेहमीच्या पद्धतीने बंद करा. 'क्लोज हँडल' हे बटण दिसेल, त्याला हात लावू नका. प्रोग्रॅमच्या हातातलं काढून घेतल्याचं त्याला कोणी कळवत नाही, तो पुढे काय करेल ह्याचा नेम नाही. अगदीच सुटेना तर रीस्टार्ट. आपल्याकडे रीस्टार्टला उगाच कमीपणाचं मानतात. सेटअप प्रोग्रॅम स्वतः तेच करतात: 'पुढच्या वेळी चालू होताना ही फाइल काढ' अशी नोंद रजिस्ट्रीत ठेवतात आणि बाकी कोणी जागं व्हायच्या आत विंडोज ते काम उरकतं.

उरलेल्या दहाव्या वेळी खरोखरचा वेडेपणा असतो, तेही मान्य. नेटवर्कवरच्या फोल्डरमधली थम्ब्ज डॉट डीबी, जी एक्सप्लोरर स्वतःच धरून बसतो आणि वर आपल्यालाच विचारतो. २६० अक्षरांपेक्षा लांब पत्ता झालेली फाइल. नावाच्या शेवटी टिंब किंवा स्पेस असलेली फाइल. आणि सगळ्यांचा बाप, 'कॉन'. तो फॉरवर्ड आठवतोय? "कॉन नावाचं फोल्डर जगात कोणीही बनवू शकत नाही, हे एका भारतीयाने शोधलं आणि बिल गेट्सलाही उत्तर देता आलं नाही!" माझ्याकडे तो किमान वीस वेळा आला असेल. उत्तर साधं आहे, आणि बिल गेट्सला नक्कीच ठाऊक असणार. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हते. कीबोर्ड-स्क्रीनला 'कॉन', प्रिंटरला 'पीआरएन' अशी नावं होती, आणि ती कुठूनही चालायची. १९८३ मध्ये फोल्डर आले, पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ती नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव राहिली. म्हणजे तिथेही कोणीतरी वापरतच होतं.

मासवणच्या नदीवरून आठवलं. तिथून उचललेलं सूर्येचं पाणी वसई-विरारकडे जातं. पंपाजवळ उभं राहून बघितलं तर पाणी पिणारा एकही माणूस दिसत नाही. मामाने त्या दिवाळीत हा दाखला मला दिला होता, जरा खोचकपणेच.

हो, दिवाळीचं राहिलं. उधारीची दुसरी प्रत फक्त उधार घेणाऱ्याकडे होती. काही जण चिठ्ठी घेऊन आले, काहींनी चिठ्ठी पावसात भिजली म्हणून तोंडी आकडा सांगितला आणि मामाने तो लिहून घेतला, एक-दोघांनी त्या वर्षी दुकानाचा रस्ताच बदलला. किती बुडाले हे मामाने मला कधीच सांगितलं नाही. मी भरून द्यायचा विषय काढला, तर म्हणाला, "आधी ते फोटो नीट सीडीवर काढून दे."

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. दुकानात आता नवा पीसी, मुलगा बघतो. एक फाइल डिलीट होत नव्हती. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "थांब, बघितलंय मी. पोराच्या लॉगिनमध्ये एक्सेल उघडं आहे. तो बोईसरला गेलाय, संध्याकाळी येईल. तोवर राहू देतो."