विमानाचा जीर्णोद्धार

शहापूरहून मुरबाडच्या महाविद्यालयात मी एस.टी.ने जातो. किन्हवली, सरळगाव करीत गाडी जाते आणि तिचा प्रत्येक खिळा वेगळ्या सुरात बोलतो. शेजारच्या आसनावर कधीमधी आमच्या आळीतले काका असतात. मुरबाडला त्यांची लेक दिली आहे. काका निवृत्त फिटर. उभी हयात नाशिकजवळच्या ओझरला, विमानांच्या कारखान्यात गेली.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ विमानांना निरोप दिला गेला. १९६३ साली आलेले विमान. बासष्ट वर्षे राबले! दुसऱ्या दिवशी काका गाडीत अगदी गप्प. मी आपले सांत्वन म्हणून बोललो, "काका, डागडुजी करून करून किती दिवस चालवायचं?"

काका उसळले. "डागडुजी? सर, तुम्ही मराठीचे ना?"

मग सरळगाव येईपर्यंत माझा तास झाला. विमानाचे वय म्हणे नुसत्या वर्षांवर मोजत नाहीत. किती तास उडाले, कितीदा धावपट्टीला टेकले, हेही मोजतात. ते कारखान्यात आले की अंगावरचे सारे उतरवून सांगाडा करायचा. पंखाच्या मुळाशी लाल द्रव फासायचा, पुसायचा, वर पांढरी पूड धरायची. केसाएवढी चीर असली तरी लाल रेघ उमटते. १९९६ साली करार झाला आणि पुढे सव्वाशे विमानांचे 'बायसन' झाले. तारा नव्या, क्षेपणास्त्रे नवी, रडार नवे. त्या रडारचे नाव 'कोप्यो', म्हणजे रशियन भाषेत भाला. (हे मात्र मला आवडले.) वैमानिकाचे शिरस्त्राणही असे, की तो मान वळवील तिकडे क्षेपणास्त्राची नजर वळावी.

"म्हणजे जीर्णोद्धारच की!" मी म्हणालो.

"हां. आणि जीर्णोद्धारात गाभारा तोच राहतो. इंजिन जुन्याच जातीचं, आणि एकच. ते बंद पडलं तर दुसरं नाही."

यावर काय बोलावे? या विमानाच्या अपघातांत कितीतरी तरुण वैमानिक गेले, हे आपण सर्वांनीच वाचले आहे. काका म्हणाले, "बातमी आली की मी पेपरात विमानाचा नंबर शोधायचो. आपल्या हातून गेलेलं तर नाही? पण नंबर छापत नाहीत हो. सही केलेले सगळे नंबर अजून पाठ आहेत."

वाचकहो, जुन्याला इतके का ताणले म्हणून रागावणे सोपे आहे, मीही रागावतो. पण तेजसचे पहिले उड्डाण २००१ साली झाले आणि हवाई दलाच्या पथकात ते २०१६ साली दाखल झाले. मधली पंधरा वर्षे आकाश काही रिकामे ठेवता येत नव्हते. नव्याला उशीर झाला, त्याचा भार जुन्यावर पडला, आणि जुन्याच्या आत बसलेल्यावरही.

त्याच वर्षी वसुबारसेला, १७ ऑक्टोबरला, ओझरला तयार झालेले पहिले तेजस उडाले. काकांनी ते दूरदर्शन संचावर पाहिले आणि चिवड्याची ताटली घेऊन थेट आमच्याकडे आले.

"उडालं बरं का, सर! आता याचे पंख उघडायला खूप वर्षं आहेत," ते म्हणाले. मग ताटली हिच्या हाती देत, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "कोण पोरगा बघेल कोण जाणे. पूड नीट धरायला हवी."