अनवाणी निघण्याआधी तळवा पाहा

लोअर परळ, डिलाईल रोड, करी रोडच्या रहिवाशांनो, घरात कुणाला शुगर असेल तर आज रात्री त्यांचा पाय मांडीवर घ्या आणि उजेडात तळवा नीट पाहा.

गणपती तोंडावर आले आहेत. लालबागच्या राजाच्या रांगेत तासन्‌तास अनवाणी उभं राहायचं, सोमवारी रात्री चालत सिद्धिविनायक गाठायचा, ही आपल्याकडची जुनी श्रद्धा. गिरणीत उभ्याने पाळ्या केलेले आजोबाही मागे राहत नाहीत. पण निरोगी पायाला खिळा टोचला की कळतं. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला कळत नाही.

कातडीतल्या केशवाहिन्या केसाहूनही कितीतरी बारीक. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की त्यांच्या भिंती जाड होतात आणि जखमेकडे जादा रक्त धाडण्याची त्यांची ताकद जाते. सर्वांत फसवी गोष्ट पुढेच आहे. रक्तप्रवाहावर ताबा ठेवणारे मज्जातंतू बिघडले की रक्त केशवाहिन्यांना टाळून आडवाटेने थेट शिरांत निघून जातं. पाय हाताला गरम लागतो, कातडी मात्र उपाशी राहते. घामही आटतो, टाच कोरडी पडून भेगाळते, आणि त्या भेगेतून जंतू आत शिरतात. म्हणून ‘पाय गरम आहे, दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ असं कृपा करून म्हणू नका. पायाचं न दुखणं हीच इथे धोक्याची खूण आहे.

कुरूप ब्लेडने कापू नका. बधिर पाय गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवा. हिंदमाताच्या साचलेल्या पाण्यातून जखमी पायाने चालावं लागलं, तर लेप्टोस्पायरोसिसचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून घ्या.

फोड, चीर, काळा डाग दिसला तर स्वच्छ पाण्याने धुवा, झाका आणि त्याच दिवशी जवळच्या पालिका दवाखान्यात दाखवा. हळद, चुना, घरचं मलम नको. पू, वास, पसरणारी लाली किंवा ताप असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी केईएमची कॅज्युअल्टी गाठा.

नवस बोलला असाल तर जरूर फेडा, पण पायात चप्पल घालून जा.