सारेच ‘शेवाळ’ नव्हे

पावसाळा स्थिरावला, की कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याशी आंबा, पेरू, फणस यांच्या खोडांवर हिरवट थर चढतो आणि पानांवर निरनिराळे डाग दिसू लागतात. शेतकरी या सर्वांस ‘शेवाळ’ म्हणतात. आपण कार्यकर्तेही तोच शब्द नोंदवहीत उतरवितो व बोर्डो मिश्रणाचा फवारा सांगून मोकळे होतो. ही सवय सोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण या एका नावाखाली शत्रू व निरुपद्रवी पाहुणा असे दोघेही वावरतात. पेरूच्या किंवा आंब्याच्या पानांवर नारिंगी, मखमली ठिपके पडतात, ते सेफॅल्यूरॉस या परजीवी शैवलाचे होत. ते पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली वाढते. तेथे ताम्रयुक्त औषध योग्यच आहे. परंतु रानातून बागेत आलेली यकृतका ही चिमुकली वनस्पती सालीवर नुसता आसरा घेते. तिचे स्वतःचे हरितद्रव्य असल्यामुळे ती झाडाचे अन्न शोषीत नाही. तिच्यासाठी केलेला फवारा म्हणजे शेतकऱ्याच्या पैशाचा अपव्यय होय. खोड खरवडले तर साल दुखावते, ते वेगळेच.

ओळख अवघड नाही. दहापट मोठे दाखविणारे भिंग धरावे. सालीवरील यकृतकेची पाने दोन बाजूंस दोन ओळींत असतात व त्यांना मध्यशीर नसते. हरितेच्या, म्हणजे मॉसच्या, पानास ती बहुधा असते. पुढील निर्णय सूक्ष्मदर्शक यंत्राने करावा. पान एकाच पेशीच्या जाडीचे असल्याने काप घ्यावा लागत नाही. पाण्याच्या थेंबात ठेवले की पुरे. लेज्यूनियाच्या पानाची खालची कड दुमडून पिशवी होते, तर फ्रुलानियात तिला शिरस्त्राणाचा आकार येतो. पेशींतील तैलपिंडांची संख्या व आकार यांवरूनही जाती ओळखता येतात. मॉसमध्ये असे तैलपिंड नसतात.

मात्र नमुना वाळला, की बहुतेक जातींतील तैलपिंड नाहीसे होतात. मी स्वतः एक पुडी आठ दिवस कपाटात ठेवली व हातची खूण घालविली. म्हणून नमुना ओलसर कागदात गुंडाळावा, त्यावर गाव, झाड व तारीख लिहावी आणि दोन दिवसांत जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात पोहोचवावा.

एवढ्या बारकाव्यात शेतकऱ्याने कशाला शिरावे, असे कोणी विचारील. त्याने जातीचे नाव पाठ करावे, असे माझे म्हणणे नाही. हा रोग आहे की पाहुणा, एवढा एकच प्रश्न त्याने आपणांस विचारावा. त्याचे उत्तर नमुना पाहून देणे हे आपले कर्तव्य आहे. आधी ओळख, मग औषध, हाच क्रम शेतकऱ्याच्या हिताचा आहे.