अक्षर न येणं आणि विसर पडणं

शंभरातून सात वजा करा, उरलेल्यातून पुन्हा सात, असं पाच वेळा. कागदावरची सूचना वाचा आणि तसं करा. एक वाक्य लिहा. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढा.

१९७५ साली अमेरिकेत तयार झालेली ३० गुणांची 'मिनी मेंटल स्टेट' चाचणी ज्येष्ठांची स्मृती तपासायला जगभर वापरली जाते. त्यात या चार गोष्टींना मिळून ८ गुण आहेत. २४ पेक्षा कमी गुण पडले की डिमेन्शियाचा संशय घ्यायचा, असा प्रघात आहे. आता फुलपाड्यातल्या एखाद्या चाळीतली, कधीच शाळेत न गेलेली सत्तरीची आजी डोळ्यांसमोर आणा. बाकीचं सगळं अचूक सांगूनही तिचे गुण २२ वर अडकतील. उलट, आयुष्यभर लिहिण्यावाचण्यात गेलेल्या निवृत्त शिक्षकाची स्मृती ढासळू लागली, तरी जुन्या सरावावर तो २७ गुण मिळवून निसटेल.

सॉफ्टवेअर ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाच वापरता येत नसेल, तर आम्ही दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधतो. इथेही तेच करायला हवं.

'कितवी शिकलात?' एवढं विचारूनही भागत नाही. २००२ साली जेनिफर मॅन्ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या वृद्धांच्या गुणांची तुलना केली. शाळेची वर्षं सारखी असूनही गुणांत फरक होता. प्रत्यक्ष वाचनक्षमता हिशेबात घेतल्यावर त्यातला बराचसा फरक विरला. आपल्या घरांत हा गुंता आणखी वाढतो. कुणी कुरआन अस्खलित वाचतं, पण देवनागरी येत नाही. कुणाला उर्दू पत्र वाचता येतं, पण फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात 'निरंक' लिहिलेलं असतं.

उपाय आपल्याच देशात निघाला आहे. हरियाणातल्या बल्लभगडच्या गावांमध्ये, जिथे बहुतेक वृद्ध निरक्षर होते, मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली हिंदी चाचणी मांडली. सात वजा करण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. सूचना वाचण्याऐवजी समोरच्याचं पाहून डोळे मिटायचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायचं.

म्हणून 'अडाणी आहे, विसरणारच' म्हणून सोडून देणंही चूक आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया आहे. कमी शिक्षण हा त्याचा एक धोकाही मानला जातो. शाळा नाकारली गेलेल्या बायकांना हा आजार होण्याची भीती जास्त आणि तो नीट ओळखला जाण्याची शक्यता कमी, असा हा दुहेरी अन्याय आहे.

वसई-विरार महापालिकेची आरोग्य केंद्रं असोत की मोहल्ल्यातलं शिबिर, आपली मागणी साधी असावी. चाचणीआधी विचारा: वाचता येतं का, कोणत्या लिपीत? चष्मा आहे का, ऐकू येतं का? चाचणी घरच्या बोलीत घ्या. तारीख चांद्र महिन्याने सांगितली, तर ती बरोबर धरा. आणि घरच्यांना विचारा: वर्षभरात काय बदललं? भाजीच्या पैशांचा हिशेब, रोजच्या गोळ्या, नमाजच्या रकाती यांत आता गोंधळ होतो का? कधीही पेन न धरलेल्या बाईच्या स्मृतीचा खरा पुरावा इथे सापडतो. तो कागदावर उतरवणं हे तपासणाऱ्याचं काम आहे.