बिल माझं, मीटर सासऱ्याचं

चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. राख इथल्या लोकांच्या वाट्याला, वीज राज्यभर. आणि जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात संध्याकाळी लाइन गेली की बायका दार लावून बसतात, कारण अंगणापलीकडे वाघ आहे. म्हणून छतावरच्या सौरविजेचा विषय निघाला तेव्हा बचत गटात बायकाच आधी बोलल्या.

केंद्राची सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000, 3 किंवा त्याहून जास्तीला 78,000 रुपये अनुदान. त्याच वर्षी वीजग्राहक हक्कांचे नियमही बदलले. 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची अट उरली नाही. काम सोपं झालं म्हणतात. कुणासाठी?

गटातल्या एका बाईचा अर्ज भरायला मी बसले. पन्नाशीची, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. अर्जात आधी ग्राहक क्रमांक लागतो, आणि तो सासऱ्याच्या नावे. सासरा तर नवऱ्याच्याही आधी गेलेला. "बिल मी भरतो बाई, अन् नाव मामाजीचं," ती म्हणाली. मीटर तिच्या नावावर करायला कार्यालयात वारसांची संमती मागितली. धाकट्या दिराला वाटलं, आज मीटर गेलं तर उद्या घर जाईल. त्यानं सही दिली नाही. मोबाइलवर येणारा ओटीपी मुलाच्या फोनवर, आणि मुलगा कामासाठी परगावी. ऐन मोहफुलांच्या दिवसांत तिनं तालुक्याला तीन खेपा घातल्या. अर्ज अजून तिथंच आहे.

नवरा जिवंत असला म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. अनुदान मिळतं पॅनेल बसल्यावर, अर्जदाराच्या खात्यात. आधीचा पैसा गटाच्या कर्जातून, हप्ता बाईच्या मजुरीतून आणि अनुदान नवऱ्याच्या पासबुकात. ते पुढं कुठं जातं, हे तुम्हाला मी काय सांगावं!

2006 च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यावा असं स्पष्ट लिहिलं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं 2009 मध्ये याच कायद्यानं सामूहिक वनहक्क मिळवला. जंगलाच्या कागदावर बाईचं नाव लागतं, मग मीटरवर का लागू नये? मीटर दोघांच्या नावे करा. राहणारी आणि बिल भरणारी बाई असेल तर ग्रामसभेचा दाखला पुरेसा माना. मीटर म्हणजे घराची मालकी नव्हे, हेही त्या दाखल्यावर लिहा, म्हणजे दीर घाबरणार नाहीत. अर्ज गावातच शिबिर लावून भरून घ्या. कवेलूच्या छपराला पॅनेलचं वजन पेलत नाही, वर माकडांची नाचानाच. तिथं अंगणात लोखंडी मांडव चालेल असं अर्जातच छापा.

एक गोष्ट मात्र विक्रेते सांगत नाहीत. लाइनला जोडलेलं हे सौरयंत्र बॅटरी नसेल तर लाइन गेल्याबरोबर बंद पडतं, भर दुपारी ऊन असलं तरी. बिल कमी होईल, पण वाघाच्या रात्रीचा अंधार तसाच राहील. म्हणून लहान बॅटरीलाही अनुदान हवं.

पुढच्या ग्रामसभेत आम्ही हा ठराव मांडणार आहोत. तुमच्या गटातल्या किती बायकांच्या घरचं मीटर त्यांच्या स्वतःच्या नावे आहे, ते बिलं बघून मोजा आणि आम्हाला कळवा.