जोत्याची उंची

खारेपाटणच्या बाजारपेठेत पावसाळ्यात नदीचे पाणी शिरते, यात आता बातमी राहिलेली नाही. पूर ओसरला की भिंतींवर गढूळ रेघ उरते. एका ओळखीच्या दुकानदाराने परवा ती दाखवली. "सायबानू, औंदा पाणी कमीच इला. पूर्वी कमरेएवढा येय, आता गुडघाभर." मी खाली पाहिले. दुकान नव्याने बांधताना गृहस्थाने जोते चांगले उचलून घेतले होते. मग पाणी कमी आले, की दुकान वर गेले?

ओझोन मोजणाऱ्या शास्त्रज्ञांना नेमका हाच प्रश्न छळतो. डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीलगत आणून शून्य अंशाला पसरला, तर थर भरेल जेमतेम ३ मिलिमीटर. तो मोजण्यासाठी पुण्याच्या हवामान खात्यात ॲना मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात भारतीय उपकरण घडवले. फुग्याखाली टांगलेल्या पेटीत पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण असते. त्यातून हवा खेचली की ओझोनमुळे आयोडीन सुटते, किंचित वीज वाहते, आणि त्या विजेवरून ओझोन कळतो. फुगा फुटला की पेटी कुठे पडेल ते दैवाधीन. म्हणजे बहुतेक वेळा नवे उड्डाण, नवी पेटी! द्रावण थोडे दाट-पातळ झाले, पंप बदलला, तरी आकडा काही टक्क्यांनी सरकतो. म्हणूनच १९९६ साली जर्मनीत यूलिश येथे निरनिराळ्या देशांच्या पेट्या एकाच कोठीत ताडून पाहिल्या. त्यांत आपलीही होती.

अंटार्क्टिकावरचे ओझोनचे भगदाड १९८५ साली जगापुढे आले ते ब्रिटिशांच्या हॅली तळावरच्या जुन्या, जमिनीवरच्या यंत्रामुळे. तिथे पन्नासच्या दशकापासून एकाच पद्धतीने नोंदी चालल्या होत्या. आकडे घसरले तेव्हा त्यांनी यंत्र बदलून पाहिले, घसरण तशीच. उपग्रहालाही कमी आकडे दिसले होते, पण ते संशयास्पद अशी खूण होऊन पडून होते.

तेव्हाची घसरण मोठी होती. आता मोजायची आहे ती भरपाई, आणि ध्रुवप्रदेश सोडले तर ती दशकाला एक टक्क्याहूनही कमी. १९८७च्या माँट्रियल करारामुळे जगाच्या बहुतेक भागांत ओझोन २०४०च्या सुमारास १९८०च्या पातळीला येईल, असा २०२२च्या जागतिक अहवालाचा अंदाज आहे. तो खरा ठरतो की नाही, हे एक टक्का ओळखणाऱ्या वहीशिवाय कसे कळणार?

माझी हयात बँकेत गेली. चुकलेला आकडा खोडायचा नाही, एका रेघेने छेदून शेजारी दुरुस्ती आणि सही, हा आमचा पहिला धडा. संगणक आले तेव्हा खातेवह्या आणि यंत्र काही महिने जोडीने चालवली. रात्री जागून फरक शोधताना आम्ही कमी का बोटे मोडली! पण तीच पद्धत इथेही हवी. नवे यंत्र आले की जुने निदान वर्षभर शेजारी चालले पाहिजे. आणि दुरुस्त आकड्याबरोबर मूळ आकडा, द्रावण, पंप, सगळ्याची टिपणे जपली पाहिजेत. नव्या उपग्रहाच्या उद्घाटनाला मंत्री येतात. जुन्या वह्या जुळवत बसणाऱ्याला कपाटाची किल्लीसुद्धा मागून घ्यावी लागते. खर्च मात्र इथेच व्हायला हवा, असे माझे मत.

निघताना दुकानदाराला विचारले, जोते नेमके किती उचललेत?

"दीड-दोन फूट आसात," तो म्हणाला. "मिस्त्रीक म्हायती होता. पण तो गेलो."